अध्यक्षाची सही आणि तिच्यामागचा कायदा

कॅन्सस सिटी, मिझुरी
१४ डिसेंबर २०२५

ति. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. ओवीचा खोकला पूर्ण गेला, मंदारचं काम व्यवस्थित चालू आहे आणि आईने पाठवलेलं मेतकूट मिळालं. थंडीने आता चांगलाच जोर धरलाय, पण घर उबदार आहे, काळजी करू नका.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, ‘एक माणूस शुक्रवारी कागदावर सही करतो आणि आपल्या रोहनच्या नोकरीच्या (एच-१बी) व्हिसाची किंमत एक लाख डॉलर होते. मग तिथे संसद कशाला ठेवलीय?’ प्रश्न रास्त आहे. काका-काकूंची झोप उडाली आहे हेही आईकडून कळलं. फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येईना, आणि जन्मभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला अर्धवट उत्तर देणं मला पटेना. म्हणून सविस्तर लिहितेय. सवडीने वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. अमेरिकेच्या अध्यक्षाला घटनेने थेट दिलेली सत्ता तुम्हाला वाटते त्याहून कमी आहे. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एकामागून एक कायदे करून त्याच्या हाती सोपवलेली सत्ता मात्र अफाट आहे. त्यामुळे एखादा हुकूम निघाला की सही कोणाची आहे यापेक्षा तो कोणत्या कायद्याच्या आधारावर काढलाय, हे मी आधी बघते. ते शोधावं लागत नाही. प्रत्येक आदेशाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की राज्यघटनेने आणि देशाच्या कायद्यांनी अध्यक्ष म्हणून मला दिलेल्या अधिकारानुसार मी हा आदेश देत आहे, आणि बहुतेक वेळा तिथेच कायद्याचं नाव आणि कलमही असतं. बातमीत सही दिसते, कलम दिसत नाही.

घटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली. तिचा पहिला अनुच्छेद काँग्रेसचा, दुसरा अध्यक्षाचा. पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा आहे. राजाच्या जाचातून नुकतीच सुटलेली माणसं होती ती. कर बसवणं, पैसा मंजूर करणं, परदेशांशी व्यापाराचे नियम करणं, युद्ध पुकारणं हे सगळं त्यांनी काँग्रेसकडे ठेवलं. अध्यक्षाला सैन्याचं सरसेनापतिपद दिलं. तह करण्याचा अधिकार दिला, पण सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने, दोन तृतीयांश मतांनी मान्य केला तरच तो पक्का. मंत्री, राजदूत, न्यायाधीश नेमायचे, पण सिनेटच्या संमतीने. काँग्रेसचं विधेयक व्हेटो करून परत पाठवता येतं, पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं तर अध्यक्षाच्या नाकावर टिच्चून त्याचा कायदा होतो. शिवाय कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होते आहे ना, हे पाहण्याचं कर्तव्य त्याच्यावर टाकलं आहे. माफीचा अधिकार तेवढा जवळपास बिनशर्त आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

आपल्याकडे राष्ट्रपती आणि पंतप्रधान मिळून जी कामं करतात ती इथे एकाच माणसाच्या अंगावर असतात. परदेशी पाहुण्यांचं स्वागत त्यानेच करायचं, शहीद जवानांच्या घरच्यांचं सांत्वन त्यानेच करायचं, अर्थसंकल्पाचा प्रस्ताव त्यानेच पाठवायचा आणि पक्षाच्या प्रचारालाही त्यानेच फिरायचं. मात्र त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य असू शकत नाहीत आणि तो स्वतःही सभागृहात बसत नाही. प्रश्नोत्तराचा तास नाही, अविश्वासाचा ठराव नाही. महाभियोग आहे, पण आजवर त्याने एकही अध्यक्ष पदावरून गेलेला नाही. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये त्याआधीच राजीनामा दिला.

बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं घटना समितीतलं भाषण तुम्ही आम्हाला वाचून दाखवायचात, ते मला इथे आल्यावर खऱ्या अर्थाने कळलं. कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी हा देश जवळून पाहिलेला होता. त्यांचा मुद्दा असा की अमेरिकेत राज्यकर्त्यांच्या जबाबदारीची तपासणी मतदार ठरावीक काळाने करतात, तर इंग्लंडच्या पद्धतीत ती सभागृहात रोजच्या रोजही होते आणि निवडणुकीतही होते. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. मसुदा समितीने जबाबदारीला झुकतं माप दिलं. आपला राष्ट्रपती देशाचं प्रतिनिधित्व करतो, देशावर राज्य करत नाही, असंही त्यांनी त्याच भाषणात बजावलं होतं. अमेरिकेचा नमुना डोळ्यांसमोर असूनही त्यांनी तो नाकारला, आणि ते योग्यच केलं असं मला आता मनापासून वाटतं.

कारण या स्थैर्याची किंमत कोण मोजतं ते मी यंदा शेजारीच पाहिलं. १ ऑक्टोबरपर्यंत काँग्रेसमध्ये खर्चाची मंजुरी झाली नाही, आणि केंद्र सरकारचं बरंचसं काम थांबलं. ते १२ नोव्हेंबरला पुन्हा सुरू झालं. ४३ दिवस! या देशाच्या इतिहासातलं सर्वांत लांबलेलं सरकारबंद. आमच्या पलीकडच्या घरातल्या बाई केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला आहेत. त्यांचं काम अत्यावश्यक म्हणून त्यांना घरी बसायची मुभा नव्हती, आणि पगारही नव्हता. एका शनिवारी त्यांची गाडी बंद पडली म्हणून मी त्यांना सोडायला गेले, एका चर्चच्या तळघरात. तिथे मोफत शिधा वाटतात. बटाटे, शेंगदाण्याचं लोणी, डबाबंद घेवडा, मक्याच्या पिठाचं एक पाकीट, अशी भरलेली पिशवी. रांगेत गळ्यात सरकारी ओळखपत्र तसंच राहून गेलेली माणसं उभी होती, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आपल्याकडे लोकसभेत सरकारच्या खर्चाची मागणी नामंजूर झाली तर सरकारला जावं लागतं आणि प्रश्नाचा निकाल लागतो. इथे अध्यक्ष आपल्या जागी, काँग्रेस आपल्या जागी, आणि पगार थांबतो तो या बाईंचा. तिजोरी काँग्रेसच्या हाती ठेवली हे घटनाकारांनी चांगलं केलं. पण दोघं अडून बसले तर काय करायचं याची सोय त्यांनी केली नाही.

आता थोडं ट्रूमन यांच्याबद्दल. आमच्या शहराला लागूनच इंडिपेन्डन्स नावाचं गाव आहे, १९४५ ते १९५३ या काळातले अध्यक्ष हॅरी ट्रूमन तिथले. १९५७ साली उघडलेलं त्यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय तिथे आहे, आणि त्यांची व त्यांच्या पत्नीची कबर त्याच आवारात आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो. त्यांच्या टेबलावरची ती प्रसिद्ध पाटी तिथे ठेवलीय, जबाबदारी इथून पुढे कोणावर ढकलली जात नाही अशा अर्थाची. सगळे तिचा फोटो काढतात. माझे पाय थांबतात ते कोरियाच्या युद्धापाशी.

जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला तेव्हा ट्रूमन यांनी काँग्रेसकडे युद्धाची घोषणा मागितलीच नाही. संयुक्त राष्ट्रांची पोलिसी कारवाई, असं म्हणून फौजा पाठवल्या. तीन वर्षांत ३६ हजारांवर अमेरिकी सैनिक गेले. कनेक्टिकट राज्यातल्या एका बापाने आपल्या मुलाला मरणोत्तर मिळालेलं पर्पल हार्ट हे पदक ट्रूमन यांना परत पाठवून दिलं. सोबतच्या पत्रात लिहिलं की आमच्या मुलाच्या मृत्यूला थेट तुम्हीच जबाबदार आहात, तेव्हा हे तुमच्याच संग्रहात राहू द्या. तुमची मुलगी तिथे नव्हती याची खंत वाटते, इतकं कडवट वाक्यही त्यात आहे. १९७२ मध्ये ट्रूमन वारले, त्यानंतर ते पत्र आणि पदक त्यांच्या टेबलाच्या खणात सापडलं. जांभळ्या फितीचं, हृदयाच्या आकाराचं, मधोमध वॉशिंग्टन यांचा सोनेरी चेहरा असलेलं ते पदक आहे. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला रोज हजारो पत्रं येत असतील. हेच एक त्यांनी हाताशी ठेवलं होतं. आबा, सरसेनापतिपद म्हणजे काय हे मला तिथे उभी असताना जितकं कळतं तितकं घटनेच्या वाक्यातून कळलं नव्हतं.

पण व्यक्ती प्रामाणिक होती म्हणून प्रथा बरोबर ठरत नाही. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं १९४२ साली. व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान यांसाठी ठराव करून मोकळीक दिली, घोषणा एकदाही केली नाही. व्हिएतनामने पोळल्यावर १९७३ मध्ये निक्सन यांचा व्हेटो मोडून एक कायदा केला. फौज पाठवली की ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि काँग्रेसची परवानगी नसेल तर ६० दिवसांत लढाईतून मागे घ्यायची. दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी त्यातून पळवाटा काढल्या आहेत, आणि काँग्रेसने बहुतेक वेळा बघून न बघितल्यासारखं केलं आहे. लढाईला संमती दिली असं मतदारांसमोर सांगायचं कोणालाच नको असतं. अणुबॉम्बचं तर त्याहून भयंकर. नागासाकीनंतर ट्रूमन यांनी हुकूम दिला की यापुढे माझ्या परवानगीशिवाय बॉम्ब टाकायचा नाही. लष्कराच्या हातून तो निर्णय काढून घेण्यासाठी ते आवश्यकच होतं. आज त्याचा परिणाम असा की तो निर्णय एकट्या अध्यक्षाचा आहे, काँग्रेसची संमती लागत नाही. मला ही गोष्ट पचत नाही.

आता रोहनच्या व्हिसाकडे येते. त्यासाठी १९५२ सालात जावं लागेल.

त्या एप्रिलमध्ये कोरियात युद्ध चालूच होतं आणि इथे पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. ट्रूमन यांनी ८ एप्रिलला आदेश काढून देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. पोलाद थांबलं तर आघाडीवरचे जवान मरतील आणि मी त्यांचा सरसेनापती आहे, हा त्यांचा युक्तिवाद. खरं तर संप पुढे ढकलण्यासाठी काँग्रेसने १९४७ साली टाफ्ट-हार्टली कायदा केला होता आणि त्यात ८० दिवसांची सोय होती. पण तो ट्रूमन यांचा व्हेटो मोडून केलेला, त्यांच्या मते कामगारांच्या मुळावर येणारा. त्यांनी तो वापरला नाही. कारखानदार कोर्टात गेले, आणि २ जून १९५२ रोजी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की अध्यक्षाला हा अधिकार नाही. नऊच्या नऊ न्यायाधीश ट्रूमन किंवा त्यांच्या आधीचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेमलेले होते. ट्रूमन यांच्या चौघांपैकी दोघांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं. ट्रूमन संतापले, पण कारखाने त्याच दिवशी परत केले. संप झाला आणि पन्नासेक दिवस चालला. निकाल लिहिणारे ह्यूगो ब्लॅक यांनी पुढे ट्रूमन यांना आणि सहकारी न्यायाधीशांना आपल्या घरी बोलावलं, आणि ट्रूमन गेले. हा प्रसंग मला फार आवडतो.

त्या निकालात रॉबर्ट जॅक्सन या न्यायाधीशांनी आपलं वेगळं मत जोडलं होतं, आणि आज इथली कोर्टं मुख्यतः त्याच मताच्या आधाराने विचार करतात. ते म्हणतात, काँग्रेसने दिलेल्या अधिकारावर अध्यक्ष पाऊल टाकतो तेव्हा त्याची सत्ता सर्वांत जास्त असते. काँग्रेस गप्प असेल तर मामला धूसर असतो. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जातो तेव्हा त्याची सत्ता सर्वांत क्षीण असते. पोलादाचं प्रकरण तिसऱ्या प्रकारातलं होतं.

आणि त्याच जून महिन्यात काँग्रेसने परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचा मोठा कायदा केला. त्यात देशांनुसार कोटे होते आणि आशियातल्या लोकांना दाराबाहेरच ठेवण्याची वृत्ती होती. हेच ट्रूमन, ज्यांनी १९४६ साली वर्षाला सुमारे शंभर भारतीयांना येऊ देणाऱ्या आणि त्यांना नागरिकत्वाची वाट उघडणाऱ्या कायद्यावर सही केली होती, त्यांनी हे विधेयक २५ जूनला व्हेटो केलं. काँग्रेसने दोनच दिवसांत व्हेटो मोडला. त्या कायद्यात कलम २१२ (एफ) आहे. परदेशी लोकांच्या एखाद्या वर्गाचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असं अध्यक्षाला वाटलं तर तो हवा तितका काळ प्रवेश थांबवू शकतो किंवा त्यावर योग्य वाटतील ते निर्बंध घालू शकतो. देशांचे कोटे १९६५ मध्ये गेले, हे कलम राहिलं. १९ सप्टेंबर २०२५ ची एक लाख डॉलरची घोषणा याच कलमावर उभी आहे. म्हणजे, आबा, तुम्ही विचारलंत संसद कशाला आहे, तर संसदेनेच हे ७३ वर्षांपूर्वी लिहून दिलं आहे, आणि तेही तेव्हाच्या अध्यक्षाच्या मनाविरुद्ध!

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये काही देशांच्या प्रवेशबंदीचा खटला पाच विरुद्ध चार मतांनी निकाली काढताना हे कलम अध्यक्षाला फार मोकळीक देतं असं मान्य केलं. तरी आत्ताच्या घोषणेवर खटले चालू आहेत. खटले भरणाऱ्यांचं म्हणणं, प्रवेश रोखणं वेगळं आणि काँग्रेसने या व्हिसाच्या फिया स्वतः ठरवून दिलेल्या असताना त्यावर एवढी रक्कम लादणं वेगळं, कारण पैसे आकारणं हे काँग्रेसचं काम. मला हा मुद्दा वजनदार वाटतो. पण कलमाची भाषा इतकी सैल आहे की कोर्ट काय म्हणेल याची खात्री मी देणार नाही.

आयात शुल्काचंही असंच. ऑगस्टअखेर भारताच्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क लागलं आणि अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांवर संक्रांत आली, हे तुम्ही वाचलंच असेल. तो आदेश १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्यावर काढलेला आहे. त्या कायद्यात आयातीचं ‘नियमन’ करण्याचा अधिकार आहे, शुल्काचा उल्लेखही नाही. खालच्या कोर्टांनी अध्यक्षाविरुद्ध निकाल दिले, ५ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली आणि निर्णय यायचा आहे. कर बसवणं घटनेने काँग्रेसकडे दिलं आहे, ते एका शब्दाच्या आडोशाने अध्यक्षाकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही म्हणाल, मग हे आदेशच नकोत. तसंही नाही म्हणवत. २६ जुलै १९४८ रोजी ट्रूमन यांनी आदेश काढून सैन्यात गोऱ्या-काळ्यांना समान वागणूक आणि समान संधी मिळेल असं जाहीर केलं. तोवर पलटणीसुद्धा वेगळ्या होत्या. काँग्रेसमध्ये दक्षिणेकडच्या सिनेटरांनी असा कायदा कधीच होऊ दिला नसता. सरसेनापती म्हणून त्यांना तो अधिकार होता, तो त्यांनी निवडणुकीच्या वर्षात वापरला आणि आपल्याच पक्षातल्या लोकांचा रोष ओढवून घेतला. बाबासाहेबांच्या भूमीतल्या माणसांना त्या सहीची किंमत वेगळी सांगायला नको. पण सहा वर्षं आधी, १९ फेब्रुवारी १९४२ ला, रूझवेल्ट यांच्या अशाच आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरातून उचलून छावण्यांत डांबलं होतं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. तेव्हा काँग्रेसने साथ दिली आणि सुप्रीम कोर्टानेही १९४४ मध्ये मान डोलावली. तिघांनी मिळून अन्याय केला तर वाचवणारं कोणी उरत नाही. हे आठवलं की माझ्या ओवीकडे बघून मला भीती वाटते. ती इथे जन्मली, इथली नागरिक आहे, पस्तिशीनंतर घटनेप्रमाणे अध्यक्षपदालाही उभी राहू शकेल. त्या छावण्यांतली मुलंही नागरिकच होती.

माफीबद्दल लिहिते म्हटलं होतं. केंद्राच्या कायद्याखालच्या कोणत्याही गुन्ह्याला अध्यक्ष माफी देऊ शकतो, महाभियोग तेवढा सोडून. ना सिनेटची संमती, ना मंत्रिमंडळाचा सल्ला. आपल्या राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावं लागतं, तसं इथे नाही. फोर्ड यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये निक्सन यांना खटला उभा राहण्याआधीच माफ केलं. बायडेन यांनी गेल्या डिसेंबरात स्वतःच्या मुलाला माफी दिली, आणि ट्रम्प यांनी २० जानेवारीला शपथ घेतली त्याच दिवशी संसद भवनावरच्या २०२१ च्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार लोकांना. पक्ष कोणताही असो, मला यातलं काहीच पटलेलं नाही. यात भर म्हणून सुप्रीम कोर्टाने १ जुलै २०२४ च्या निकालात सांगितलं की घटनेने दिलेले गाभ्याचे अधिकार वापरताना केलेल्या कृत्यांबद्दल माजी अध्यक्षावर फौजदारी खटला चालवता येत नाही, आणि बाकीच्या अधिकृत कामांनाही निदान संरक्षण गृहीत धरायचं. ट्रूमन यांच्या काळी ज्या कोर्टाने अध्यक्षाला अडवलं तेच हे कोर्ट, हे वाचून वाईट वाटलं.

आणि अध्यक्षाला जमत नाही असंही बरंच आहे. तो मिझुरीच्या राज्यपालाला काढू शकत नाही, कारण राज्यपालाला इथले लोक निवडून देतात. आपल्या ३५६ व्या कलमासारखी राज्य सरकार बरखास्त करण्याची सोयच नाही. ओवीच्या शाळेचं मंडळ गावातून निवडलं जातं. आमची ग्रीनकार्डची रांगही त्याच्या हातात नाही. नोकरीवर आधारित साधारण १ लाख ४० हजार कार्डं वर्षाला आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, हे काँग्रेसने १९९० मध्ये ठरवलं. बदलायचं तर काँग्रेसनेच बदलावं लागेल, आणि ती पस्तीस वर्षं बदलत नाहीये. आमच्या ओळखीतले सगळे अध्यक्षावर बोलतात. ज्यांनी खरं तर उत्तर द्यायला हवं ते ४३५ प्रतिनिधी आणि १०० सिनेटर, त्यांतल्या आपल्या भागातल्यांचं नावही अनेकांना सांगता येत नाही.

रोहनला एवढं सांगा. ती रक्कम भारतात बसून नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी आहे, जुन्या व्हिसाधारकांच्या नूतनीकरणाला नाही, आणि इथे शिकून इथल्या इथे व्हिसा बदलून घेणाऱ्यांनाही ती लागू नाही असं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट झालं आहे. घोषणा मुदत वाढवली नाही तर बारा महिन्यांची आहे. तेव्हा पुण्याची नोकरी सोडायची घाई अजिबात नको. इथे शिकायला यायचा विचार असेल तर मला सविस्तर लिहू दे. फी, राहण्याचा खर्च, सगळे आकडे मी काढून देईन, आणि कर्जाचा बोजा झेपणार नसेल तर तेही स्पष्ट सांगेन. कोणत्याही एजंटला आगाऊ पैसे देऊ नका, काकांना हे मुद्दाम बजावा.

पुढच्या ३ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांची निवडणूक आहे. आम्हाला मत नाही. पलीकडच्या बाईंना आहे, आणि त्या या वेळी आपल्या उमेदवारासाठी घरोघर फिरणार आहेत. मंदार त्यांच्या मुलांना तेवढ्या संध्याकाळी सांभाळणार आहे.

तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम सोडू नका. आईला नमस्कार. ओवी तुम्हाला वेगळं पत्र लिहितेय, त्यात चुका असतील, पण ती स्वतः लिहिणार म्हणून हटून बसलीय.

तुमची,
मृणाल